जडत्व हाताला कळायला हवं: दोरा, सोंगट्या आणि एका खेळण्यातल्या गाडीचे प्रयोग

हातोड्याचं डोकं सैल झालं की सुतार तो उभा धरतो, डोकं वर ठेवतो आणि दांड्याचं बूड फरशीवर दोन-तीनदा आपटतो. डोकं घट्ट बसतं. दुसरी रीतही आहे. हातोडा हवेत उलटा लटकवायचा आणि दांड्याच्या बुडावर लाकडी ठोकळा मारायचा. तरीही डोकं घट्टच बसतं. पहिल्या रीतीत दांडा एकदम थांबला, पण डोकं खाली जातच राहिलं. दुसऱ्या रीतीत दांड्याला एकदम गती मिळाली आणि डोकं जागच्या जागी राहिलं, म्हणून दांडाच आत घुसला. चालू असलेलं चालू राहणं आणि थांबलेलं थांबून राहणं, या दोन्हींना मिळून जडत्व म्हणतात. (टिकावाला मात्र हे उलटं करावं लागतं. त्याचा दांडा वरून ओवलेला असतो आणि वरचं टोक जाड असतं, म्हणून आपटायचं ते जाड टोक. बूड आपटलं तर टिकावाचं पातं सरकत खाली हातावर येईल.)

नववीच्या पुस्तकात जडत्वाची व्याख्या असते आणि ती पाठही होते. तरी ‘बल दुप्पट केलं तर तेवढंच अंतर कापायला गाडीला लागणारा वेळ निम्मा होतो का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. उत्तर ‘नाही’ आहे. ते का, हे खालच्या प्रयोगांतून मोजून कळेल. लागणारं सामान घरात किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एक डिजिटल किचन काटा आणि स्लो-मोशन चित्रण करणारा फोन असेल तर उत्तम.

आधी शब्दांची भांडणं मिटवू

वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे ते. ते किलोग्रॅममध्ये मोजतात आणि वस्तूची गती बदलणं किती अवघड आहे हे तेच ठरवतं. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती बलानं ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजायचं. बाजारात आपण ‘दोन किलो वजन’ म्हणतो. व्यवहारात ते चालतं, प्रयोगात नाही. १ किलोच्या वस्तूचं वजन ९.८ न्यूटन असतं. एक न्यूटन किती, याचा अंदाज हवा असेल तर १०० ग्रॅमचा बिस्किटांचा पुडा तळहातावर ठेवा. हाताला जाणवतो तो भार जवळजवळ एक न्यूटन आहे.

त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला कितीनं बदलतो ते. बल = वस्तुमान × त्वरण. १ किलोच्या वस्तूवर १ न्यूटन निव्वळ बल लावलं तर तिचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतका बदलतो. इथला ‘निव्वळ’ हा शब्द गाळू नका, कारण नवख्या माणसाच्या निम्म्या चुका तिथेच होतात. घर्षण वजा करून जे उरतं ते निव्वळ बल.

आणखी एक गोष्ट. जडत्व हे बल नाही. ‘जडत्वाच्या बलामुळे प्रवासी पुढे फेकला गेला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत नेहमी दिसतं आणि ते चूक आहे. एसटीनं ब्रेक मारला तेव्हा प्रवाशाला कुणी ढकललेलं नसतं. गाडीचा वेग कमी झाला, त्याचा झाला नाही, इतकंच.

पहिला प्रयोग: पत्ता, नाणं आणि ग्लास

हा सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. ग्लासवर पत्त्यांतला एक पत्ता ठेवा, त्यावर मधोमध नाणं ठेवा आणि पत्त्याच्या कडेला आडवी टिचकी मारा. पत्ता उडतो आणि नाणं ग्लासात पडतं.

‘जडत्वामुळे नाणं जागेवरच राहिलं’ असं सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. नाणं थोडं सरकतंच. पत्ता त्याच्या खालून सरकत असताना घर्षण त्याला पुढे ओढत असतं. पत्ता आणि नाणं यांच्यातलं घर्षण नाण्याच्या वजनाच्या साधारण तीन दशांश धरलं, तर नाण्याला सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतकं त्वरण मिळू शकतं. पत्ता निसटायला ०.०५ सेकंद लागले, तर तेवढ्यात नाणं ४ मिलीमीटर सरकतं. शिवाय त्याला सेकंदाला १५ सेंटीमीटर एवढा वेगही मिळालेला असतो. १० सेंटीमीटर खोल ग्लासाच्या तळाशी पोचेपर्यंत ते आणखी २ सेंटीमीटर पुढे जातं. म्हणून निमुळता, अरुंद ग्लास घेतला की प्रयोग फसतो. तोंड ६-७ सेंटीमीटरचं हवं.

पत्ता हळू ओढला की नाणं त्याच्याबरोबर जातं. जडत्व तेवढंच असतं आणि घर्षणही जास्तीत जास्त तेवढंच असतं. बदलला तो फक्त वेळ. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक प्रयोगात ‘बल किती’ याच्याबरोबरच ‘किती वेळ’ हेही विचारायचं आहे.

नाणं वजनदार घेतलं तर ते कमी सरकेल का? नाही. वस्तुमान दुप्पट झालं तर घर्षणही दुप्पट होतं आणि त्वरण तेवढंच राहतं. करून पाहा: रुपयाचं आणि दहाचं नाणं सारखंच वागतं.

दुसरा प्रयोग: दोन दोरे, एक वजन

सगळ्या प्रयोगांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे उत्तर आधी सांगता येतं आणि मग ते खरं करून दाखवता येतं.

हवं ते असं: ५०० ग्रॅमचं लोखंडी माप (वाण्याकडे असतं तसं, कडी असलेलं) किंवा तेवढ्याच वजनाचा आणि दोरा बांधता येईल असा दगड, साधा सुती शिवणाचा दोरा, एक आडवी मजबूत दांडी आणि खाली ठेवायला घडी घातलेली गोधडी. पॉलिस्टरचा दोरा घेऊ नका. तो लवकर तुटत नाही आणि झटका देताना बोट कापतो.

१. आधी दोऱ्याची ताकद मोजा. दोऱ्याला प्लास्टिकची रिकामी बाटली टांगा आणि दोरा तुटेपर्यंत मापानं पाणी ओतत जा. एक मिलीलीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. समजा बाटलीसकट १२०० ग्रॅमला दोरा तुटला, म्हणजे त्याची ताकद सुमारे १२ न्यूटन. हे तीनदा करा. दोरा मापाच्या वजनाच्या किमान दुप्पट भार पेलणारा हवा. नसेल तर हलकं माप घ्या किंवा दोरा दुहेरी करा.

२. त्याच रिळाचे सारख्या लांबीचे, साधारण ३० सेंटीमीटरचे, दोन तुकडे घ्या. एकानं माप दांडीला टांगा, दुसरा मापाच्या खालच्या बाजूला बांधा. खालच्या दोऱ्याचं टोक पेन्सिलीला गुंडाळून घ्या, म्हणजे धरायला मूठ होते.

३. माप गोधडीपासून वीतभरच वर ठेवा. पाय लांब ठेवा आणि चप्पल-बूट घाला.

४. खालचा दोरा हळूहळू, पाच-सहा सेकंद घेऊन ओढा. वरचा दोरा तुटेल.

५. नवे दोरे बांधा आणि या वेळी एकदम झटका द्या. खालचा दोरा तुटेल आणि माप टांगलेलंच राहील.

हळू ओढताना वरच्या दोऱ्यावर तुमचं बल अधिक मापाचं वजन असा भार असतो. तुम्ही ७ न्यूटनांनी ओढलंत की वर ७ अधिक ४.९, म्हणजे १२ न्यूटन होतात. खालच्यावर मात्र सातच. वरचा आधी तुटणार यात नवल काहीच नाही.

झटक्यात वेगळं घडतं. वरच्या दोऱ्यावरचा ताण वाढायचा तर तो ताणला गेला पाहिजे, आणि तो ताणायचा तर माप खाली आलं पाहिजे. खालचा दोरा तुटेपर्यंत त्यातलं बल शून्यापासून १२ न्यूटनांपर्यंत चढतं, म्हणजे सरासरी ६ न्यूटन धरा. अर्ध्या किलोच्या मापाला त्यानं १२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण मिळतं. पण झटका असतो एक शतांश सेकंदाचा. तेवढ्यात माप जेमतेम अर्धा-पाऊण मिलीमीटर सरकतं, आणि दोरा तुटायला तो काही मिलीमीटर तरी ताणला जायला हवा. वरच्या दोऱ्याला काही कळायच्या आत खालचा गेलेला असतो.

फसतं कुठं? बहुतेक वेळा गाठीपाशी. गाठ दोऱ्याला दुबळा करते, आणि वरची गाठ एका प्रकारची, खालची दुसऱ्या प्रकारची असली की निकाल गाठ ठरवते. टोकं कडीला पाच-सहा वेढे देऊन मग बांधा, म्हणजे गाठीवर ताण कमी येतो. दुसरी चूक म्हणजे मध्यम वेगानं ओढणं. तिथे कुठलाही दोरा तुटू शकतो आणि पाहणारा म्हणतो, ‘नशिबाचा खेळ आहे.’ तिसरी चूक म्हणजे झटका देण्याआधी खालचा दोरा ढिला न ठेवणं. हात आधीच ताणलेला असेल तर झटका नीट बसत नाही. आणि माप फार हलकं घेतलं, म्हणजे ५०-१०० ग्रॅमचं, तर तेवढ्याच वेळात ते पाच-दहा पट जास्त सरकतं. मग दोन्ही निकालांतला फरक पुसट होतो.

तिसरा प्रयोग: कॅरमवर वस्तुमान मोजणं

कॅरम बोर्डासारखं साधन घरात असताना घर्षणाबद्दल नुसतं वाचत बसण्यात अर्थ नाही. आधी पावडर न टाकता एक सोंगटी टिचकीनं सरकवा, मग बोरिक पावडर पसरून तशीच टिचकी मारा. पहिली बोर्डाच्या मध्यापर्यंत जाऊन थांबत असेल, तर दुसरी समोरच्या कडेला आपटून परत येईल. दोन्ही वेळा टिचकी संपल्यावर सोंगटीला पुढे ढकलणारं काहीच नव्हतं. फरक पडला तो तिला अडवणाऱ्या बलात. हलणारी वस्तू आपोआप ‘दमून’ थांबते ही समजूत दोन हजार वर्षं टिकली. गॅलिलिओनं उतरणीवर गोळे सोडून ती मोडीत काढली आणि न्यूटननं १६८७ साली तिच्या जागी गतीचे तीन नियम मांडले.

आता मोजमाप. नियमाप्रमाणे सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची असते आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. तुमच्याकडचे काट्यावर तोलून घ्या. घरगुती संचात सोंगट्या ४ ग्रॅमच्याही निघतात.

पावडर टाकलेल्या बोर्डावर मध्ये एक सोंगटी ठेवा आणि स्ट्रायकर तिला अगदी समोरासमोर लागेल असा मारा. स्ट्रायकर पुढे जातच राहील, फक्त हळू. सोंगटी त्याच्या आधीच्या वेगापेक्षाही जास्त वेगानं निघेल. नवख्यांना इथे हमखास शंका येते: ज्यानं मारलं त्याच्यापेक्षा मार खाणारा जास्त वेगात कसा?

टक्कर चालू असताना स्ट्रायकर सोंगटीला जेवढ्या बलानं ढकलतो, तेवढ्याच बलानं सोंगटी त्याला मागे ढकलते. बल सारखं, आणि एकमेकांना टेकलेले असण्याचा वेळही अर्थात सारखाच. सोंगटीचं वस्तुमान मात्र एक तृतीयांश आहे, म्हणून तिच्या वेगातला बदल तिप्पट होतो. स्ट्रायकर सेकंदाला १ मीटरनं आला आणि टक्कर अगदी निर्दोष झाली, तर तो ०.५ वर येतो आणि सोंगटी १.५ नं निघते. प्रत्यक्षात टकरीत थोडी ऊर्जा जाते आणि ‘टक’ असा आवाजही होतो. त्यामुळे स्ट्रायकर ०.५५ आणि सोंगटी १.३५ असं काहीसं मिळेल. वजाबाकी करून पाहा: स्ट्रायकरनं ०.४५ गमावले, सोंगटीनं १.३५ कमावले. तरीही बरोबर तिप्पट! टक्कर कशीही होवो, हे गुणोत्तर हलत नाही, कारण ते वस्तुमानांचं गुणोत्तर आहे. तुम्ही वस्तुमान काट्याशिवाय मोजलंत.

वेग मोजण्यासाठी फोन बोर्डाच्या बरोबर वर धरा (दोन खुर्च्यांवर काठी आडवी टाकून तिला बांधलात तर हलणार नाही), स्लो-मोशन चित्रण करा आणि बोर्डावर आधी दर ५ सेंटीमीटरवर खडूनं खुणा करा. दोन खुणांमध्ये किती फ्रेम गेल्या ते मोजा. फ्रेम म्हणजे चित्रणातलं एकेक सुटं चित्र. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात १२ फ्रेम म्हणजे ०.०५ सेकंद. वेग टकरीच्या अगदी आधीचा आणि अगदी नंतरचा घ्या. १०-१५ सेंटीमीटर पुढे गेल्यावर मोजलंत तर घर्षणानं खाल्लेला वेगही हिशेबात येतो. नेम तिरका लागला की दोघं दोन दिशांना जातात आणि हिशेब किचकट होतो. ती खेप सोडून द्या.

मग उलट करा: स्थिर स्ट्रायकरवर सोंगटी मारा. सोंगटी मागे फिरते. आणि सोंगटीवर सोंगटी मारली की पहिली जवळजवळ थांबते, दुसरी तिचा वेग घेऊन निघते.

सोंगट्यांची चळत रचून तळाची सोंगटी उडवायचा खेळही करता येतो, पण स्ट्रायकरनं नाही. बऱ्याच संचांत तो सोंगटीपेक्षा जाड असतो आणि दुसऱ्या थरालाही धक्का देतो, मग चळत कोसळते. तळाची सोंगटी दुसऱ्या सोंगटीनंच मारा.

वेळेची हीच गोष्ट क्रिकेटमध्ये हातांना कळते. १६० ग्रॅमचा सीझन चेंडू सेकंदाला २० मीटरनं आला आणि ताठ हातांनी तो ०.०२ सेकंदात थांबवला, तर तळव्यावर सरासरी १६० न्यूटन बल येतं. हात मागे घेत ०.१ सेकंदात थांबवला तर ३२ न्यूटन. सीटबेल्टचं गणितही तेच, फक्त आकडे भयानक. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी मोटार ०.१ सेकंदात थांबली, तर मांडीवरच्या ८ किलोच्या बाळाला धरून ठेवायला १३०० न्यूटनांहून जास्त बल लागतं, म्हणजे सव्वाशे किलोहून जड पोतं हातांत तोलण्याइतकं. कुठल्याही आईबापाच्या हातांना ते जमणार नाही.

चौथा प्रयोग: गाडी, कप्पी आणि बल-वस्तुमानाचा हिशेब

आता सुरुवातीचा प्रश्न. यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवा.

साधारण मीटरभर लांब गुळगुळीत प्लायवूडची पट्टी, सहज फिरणाऱ्या चाकांची खेळण्यातली गाडी (चावीची किंवा मागे ओढून सोडायची नको, तिच्या आत स्प्रिंग असते), बारीक दोरा, कप्पीसाठी दोऱ्याचं रिकामं रीळ आणि ते फिरेल असा गुळगुळीत खिळा, एक छोटा कागदी कप आणि वजनांसाठी नाणी. दहाचं दोनरंगी नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. रुपया आणि पाचाची नाणी मात्र वेगवेगळ्या सालांची वेगवेगळ्या वजनांची आहेत. ती सरसकट सारखी धरली की सगळे आकडे बिघडतात आणि कारण सापडत नाही. काहीही वापरा, पण काट्यावर तोलून.

पट्टी टेबलावर ठेवा आणि कप्पी टेबलाच्या कडेला बसवा. दोरा गाडीला बांधून कप्पीवरून खाली सोडा आणि टोकाला कप अडकवा. गाडीपासून कप्पीपर्यंत दोरा पट्टीला समांतर हवा. तो वर किंवा खाली झुकत असेल तर ओढीचा काही भाग गाडी उचलण्यात किंवा दाबण्यात जातो. कप्पीपाशी स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर गाडी रिळावर आपटेल.

सुरुवात आणि शेवट यांच्यात ६० सेंटीमीटर अंतर आखा. घरातलं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. याहून जास्त अंतर घेतलं तर गाडी पोचायच्या आधीच कप जमिनीला टेकतो, ओढ संपते आणि उरलेलं अंतर गाडी नुसत्या जडत्वावर काटते. हा दोष इतका सहज होतो की आकडे विचित्र आले की पहिल्यांदा हेच तपासा.

घर्षणाचा काटा काढण्याची युक्ती: कप काढून टाका आणि पट्टीचा मागचा पाय वह्यांच्या थप्पीनं थोडा थोडा उचलत जा. गाडीला हलकी टिचकी दिल्यावर ती वेग न वाढवता, न घटवता सरळ चालत गेली की थांबा. चांगल्या गाडीला मीटरमागे सेंटीमीटरभर उंची पुरते. आता उतार घर्षणाची भरपाई करतो आणि कपाचं वजन हेच जवळजवळ निव्वळ बल ठरतं. गाडीवर वजन वाढवलं की घर्षण वाढतं, पण उताराची ओढही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे वह्यांची थप्पी पुन्हा हलवावी लागत नाही.

आता तीन मोजमापं घ्या.

पहिलं: कप आणि त्यातली नाणी मिळून २० ग्रॅम, गाडी आणि तिच्यावरची वजनं मिळून ३८० ग्रॅम. हलणारं एकूण वस्तुमान ४०० ग्रॅम. कपही गाडीबरोबरच हलतो, म्हणून तोही धरायचा. हे विसरणं ही या प्रयोगातली सर्वांत जुनी चूक आहे. बल ०.१९६ न्यूटन, अपेक्षित त्वरण ०.४९, आणि ६० सेंटीमीटरला वेळ १.५६ सेकंद.

दुसरं: बल दुप्पट. कपात नुसती नाणी टाकू नका, ती गाडीवरून काढून कपात टाका. कप ४० ग्रॅम, गाडी ३६० ग्रॅम, एकूण तेच ४००. त्वरण ०.९८ होतं, म्हणजे दुप्पट. वेळ? १.११ सेकंद.

तिसरं: बल पुन्हा २० ग्रॅमचं, पण गाडी ७८० ग्रॅमची करून एकूण ८००. त्वरण ०.२४५, म्हणजे निम्मं. वेळ २.२१ सेकंद.

बल दुप्पट झाल्यावर वेळ निम्मा, म्हणजे ०.७८ झाला नाही. वस्तुमान दुप्पट झाल्यावर वेळ दुप्पट, म्हणजे ३.१२ झाला नाही. अंतर हे त्वरण गुणिले वेळेच्या वर्गाच्या निम्मं असतं, म्हणून वेळ १.४१ पटीनं बदलतो. वेळ खरोखर निम्मा हवा असेल तर बल चौपट करावं लागेल. तुमच्या आकड्यांतून त्वरण काढायचं सूत्र सोपं आहे: ६० सेंटीमीटरसाठी १.२ भागिले वेळेचा वर्ग.

स्टॉपवॉच वापरू नका असं नाही, पण त्याची मर्यादा ओळखा. बोट दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक सहज होते. १.११ सेकंदावर ती १८ टक्के आहे, आणि वेळेचा वर्ग होत असल्यानं त्वरणात चूक जवळजवळ ३५ टक्क्यांवर जाते. साध्या व्हिडिओतही दर सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे चूक ०.०३ सेकंदाच्या आसपास राहते. फोन नसेलच तर प्रत्येक मोजमाप सात वेळा घ्या, सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान टाकून द्या आणि उरलेल्या पाचांची सरासरी काढा. गाडी सोडताना ढकलायची नाही. तिच्यासमोर फूटपट्टी आडवी धरा आणि ती वर उचलून घ्या.

मिळालेलं त्वरण अपेक्षेपेक्षा पाच-दहा टक्के कमी आलं तर प्रयोग चांगला झाला असं समजा. चाकं आणि रीळ यांना फिरवण्यातही बल खर्च होतं आणि ते आपण धरलेलं नाही. त्वरण अपेक्षेपेक्षा जास्त आलं तर मात्र उतार गरजेपेक्षा जास्त आहे. एखादी वही कमी करा.

पाचवा प्रयोग: करवतीच्या पात्यावरचा काटा

गाडीच्या प्रयोगात बल कुठून आलं? गुरुत्वाकर्षणातून. मग मनात किंतु राहतो की वस्तुमान म्हणजे शेवटी वजनच की काय. हा किंतु घालवायला १२ इंची हॅक्सॉ ब्लेड पुरतं.

ब्लेडच्या दातांवर चिकटपट्टी लावा. एक टोक सी-क्लॅम्पनं (स्क्रूनं आवळायच्या, इंग्रजी C च्या आकाराच्या पकडीनं) टेबलाच्या कडेला असं आवळा की ब्लेडची रुंद बाजू उभी राहील आणि साधारण २२ सेंटीमीटर भाग बाहेर येईल. ब्लेड टेबल आणि क्लॅम्प यांच्यात सरळ न धरता दोन लाकडी चिपांमध्ये दाबून मग आवळा, नाहीतर ते सरकतं. मोकळ्या टोकाच्या दोन्ही बाजूंना सारखी नाणी चिकटपट्टीनं घट्ट बसवा. टोक दोन सेंटीमीटर बाजूला ओढून सोडा. ते वर-खाली नाही, तर आडवं, डावी-उजवीकडे हलेल. वस्तूला खाली ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणाचा या हेलकाव्याशी फारसा संबंध नाही. परत आणणारं बल ब्लेडच्या लवचिकतेचं आहे.

१०० ग्रॅमला एका हेलकाव्याला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ब्लेड जाड-पातळ असेल त्याप्रमाणे आकडा बदलेल. एक हेलकावा मोजू नका, वीस मोजून वीसनं भागा. मग ५०, १५०, २०० ग्रॅमला तेच करा. आलेख काढताना वेळेचा वर्ग एका अक्षावर आणि वस्तुमान दुसऱ्यावर घ्या. सरळ रेषा येते. ती शून्यातून जात नाही, किंचित वर राहते, कारण ब्लेडचं स्वतःचं वस्तुमानही हलत असतं. मधलाच एखादा बिंदू रेषेबाहेर गेला असेल तर तिथे नाणी चिकटपट्टीत सैल होती. सैल नाणी ब्लेडच्या मागून येतात, अगदी त्या हातोड्याच्या डोक्यासारखी.

अंतराळात काटा चालत नाही, कारण तिथे वस्तू काट्यावर टेकतच नाही. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अंतराळवीरांचं वस्तुमान असंच मोजलं गेलं. स्प्रिंगला जोडलेल्या आसनात बसायचं आणि हेलकाव्याला किती वेळ लागतो ते पाहायचं. शरीर सैल असेल तर आत सगळं डचमळतं आणि आकडा चुकतो, म्हणून आसनात घट्ट आवळून बसावं लागे.

रेषा आखून झाली की नाणी काढून तिथे एक छोटा बटाटा घट्ट बांधा, वीस हेलकावे मोजा आणि रेषेवरून त्याचे ग्रॅम वाचा. मगच तो किचन काट्यावर ठेवा. दोन आकड्यांत पाच ग्रॅमांचा फरक असेल तर हात बसला. वीस ग्रॅमांचा असेल तर क्लॅम्प पुन्हा आवळा.